बऱ्हाणपूरच्या वाटेवरची फिरती घरे

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे आज मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासाने ते खानदेशाचे शहर आहे. सुरतेहून आग्र्याला जाणारा व्यापारी मार्ग येथून जात असे आणि उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांनाही असीरगडाच्या पायथ्याने याच शहरात यावे लागे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन खानदेशातील फारुकी सत्ता संपवल्यानंतर हे शहर मोगलांच्या दख्खन कारभाराचे प्रमुख ठाणे बनले. मात्र राजवाडे व मशिदी यांवरूनच त्याचे महत्त्व मोजणे अपुरे ठरते, कारण मोगल बादशाही ही बऱ्याच अंशी तंबूत राहून चालवलेली सत्ता होती, आणि त्या चालत्या राजधानीला थांबण्याची, डागडुजीची व रसद भरण्याची सोय करून देणे हे बऱ्हाणपूरचे खरे काम होते.

या चालत्या राजधानीचे तपशील अकबराचा दरबारी अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त दिले आहेत. बादशहाच्या निवासाभोवती ‘गुलालबार’ नावाचे आवार उभे राही. ते किमान शंभर गज चौरस असे आणि त्याच्या दारांना कुलूपकिल्ली असे. दरबारासाठी ‘बारगाह’ हा प्रचंड मंडप होता, ज्याचा मोठा प्रकार उभारायला यंत्रांची मदत घेऊनही एक हजार फरासांना, म्हणजे तंबू व बिछायत सांभाळणाऱ्या नोकरांना, आठवडा लागे. हा सरंजाम वाहण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. शिवाय वाट साफ करणारे ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, तसेच तंबू शिवणारे, मशालजी, चर्मकार व दीडशे झाडूवाले सोबत चालत. तंबूंचे दोन संच ठेवण्याचीही चाल होती. एका संचात मुक्काम असताना दुसरा, ज्याला ‘पेशखाना’ म्हणत, पुढच्या मुक्कामी रवाना होई, त्यामुळे दिवसभराची मजल संपवून आलेल्या बादशहाला घर आधीच मांडलेले मिळे. प्रवासात घराची उणीव भासू नये यासाठी एकाच्या जागी दोन घरे बाळगावी लागत, हा या सुखाचा पहिला हिशेब.

दुसरा हिशेब टॉमस रो या इंग्रज वकिलाच्या रोजनिशीत सापडतो. तो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझच्या दरबारी हजर झाला, आणि पुढच्या वर्षी जहांगीर बादशहा अजमेरहून मांडूकडे निघाला तेव्हा छावणीबरोबर गेला. अवघ्या चार तासांत उभे राहणारे तंबूंचे ते नगर पाहून तो थक्क झाला. प्रत्येक सरदाराची जागा ठरलेली असल्याने गल्ल्याही दर मुक्कामी त्याच राहत. परंतु स्वतःचे सामान हलवायला गाडे आणि उंट मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. छावणीत राहणे सुखाचे होते. छावणी हलवणे हे मात्र ज्याच्या हाती हुकूम नाही त्याला संकटच वाटे.

शाहजहान १६३० मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात आला आणि सुमारे दोन वर्षे राहिला. मुमताजमहल त्याच्यासोबत होती. १६३१ च्या जूनमध्ये बाळंतपणात तिचे येथेच निधन झाले आणि तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन करण्यात आले. याच काळात गुजरात व दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी तेव्हा सुरत–आग्रा मार्गाने गेला, आणि लोक वाटेवर मरत असताना लष्करासाठी बऱ्हाणपूरकडे जाणारी रसद त्याने पाहिली. बादशाही घराचा खर्च अखेर कोणाच्या ताटातून निघत होता हे यावरून कळते. पाण्याची ददात मात्र शहराने आधीच दूर केली होती: सातपुड्यात मुरलेले पाणी विहिरी व भुयारी कालव्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, मोगल सुभेदार खानखानानच्या काळात, बांधला गेला.

लष्कराची रसद वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे घरही फिरतेच होते, पण त्याची रीत निराळी होती. मंडीला भेटलेल्या एका तांड्यात धान्याने लादलेले १४ हजार बैल होते. तांडा, म्हणजे बैलांसह चालणारी अनेक कुटुंबांची वस्ती, बायकामुलांसह निघे आणि दिवसाला काही कोसच चाले, कारण बैलांना वाटेत चरू द्यावे लागे. ज्या बैलांवर संसार त्यांच्यावरच उपजीविका असल्याने या घराचा बोजा दुसऱ्या कोणावर पडत नसे. त्रास होई तो वाटसरूंना: असा तांडा अरुंद वाटेवर समोर आला की तो पुढे सरकेपर्यंत दोनतीन दिवस खोळंबावे लागते, अशी तक्रार ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने नोंदवली आहे.

१६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपुरास पोहोचला. त्याच वर्षाच्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरचे बहादूरपुरा लुटले होते, आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शाहजादा अकबर मराठ्यांच्या आश्रयाला गेला होता. येथून औरंगाबादेकडे कूच केलेली बादशाही छावणी पुन्हा उत्तरेत गेलीच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचे निधन होईपर्यंत पंचवीस वर्षे दख्खनभर फिरत राहिली. कृष्णाकाठच्या गलगलीस ती पाहणाऱ्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाने तिच्यात अडीचशे बाजार असल्याचे लिहिले आहे. एवढे शहर पाठीवर घेऊन चपळ मराठी घोडदळाचा पाठलाग करणे शक्य नव्हते, आणि यात नवल मानण्याचे कारण नाही.

नवल याचे की मराठ्यांनीही पुढे तीच चूक पत्करली. पेशवा पहिल्या बाजीरावाचे बळ थोड्या सामानात होते. तरीही १७६० च्या वसंतात पटदूरहून निघून बऱ्हाणपूर व हंडियामार्गे नर्मदा ओलांडणाऱ्या मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या सैन्यात भारी तोफखान्यासोबत बायकामुले, यात्रेकरू आणि बुणगे, म्हणजे न लढणारा लवाजमा, यांची मोठी संख्या होती. पानिपतावर रसद तुटल्यावर या सर्वांचे पोट भरण्याचा प्रश्न सैन्याला कसा भोवला, हे सर्वज्ञात आहे.

मुंबई–जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला आणि बऱ्हाणपूर त्यावर आले. बैलांवरची दूरची वाहतूक त्यानंतर झपाट्याने बसली. तांडे स्थिर वस्त्या झाले. मात्र मराठवाडा व खानदेशातील अनेक बंजारा कुटुंबे आजही दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी, धान्य आणि पोरेबाळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून ऊसतोडीला निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात.