प्रावीण्य पदक (स्काऊट-गाईड)

एखादे कौशल्य प्रत्यक्ष करून दाखवणाऱ्या स्काऊट वा गाईडला मिळणारे, गणवेशाच्या बाहीवर शिवायचे कापडी चिन्ह. प्रथमोपचार, स्वयंपाक, पोहणे, सायकल, बागकाम असे त्याचे विषय असतात. नाव पदक असले, तरी इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेले काम ज्याला ज्याला जमले, त्या प्रत्येकाला ते मिळते.

चळवळीचा आरंभ १९०७ मधला. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. पदक देताना कामाच्या सफाईपेक्षा मुलाने घेतलेली मेहनत पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. मागे पडणाऱ्या मुलालाही त्यातून उमेद मिळावी, हा हेतू. अमेरिकेत मात्र प्रत्येक पदकाच्या अटी नेमक्या लिहिलेल्या असतात आणि त्या तशाच पुऱ्या कराव्या लागतात. तिथे १९११ मध्ये ५७ पदके होती. ‘ईगल स्काऊट’ या सर्वोच्च श्रेणीसाठी २१ लागतात.

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला स्काऊट आणि १९११ मध्ये जबलपूरला गाईड पथके निघाली, पण ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींपुरती. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांना वेगळ्या संस्था उभाराव्या लागल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था झाली. गाईड संघटना १९५१ मध्ये तिच्यात आली. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशा तिच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायऱ्यांसाठी प्रावीण्य पदकेही मिळवावी लागतात.

चाचणी कशी असते, हे प्रथमोपचारात चांगले दिसते. हात मोडलेल्याला झोळी बांधायची, तर त्रिकोणी पट्टी हाताखालून घेऊन गाठ दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरील खोबणीत मारायची. गाठ रीफ नॉटच हवी: उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. ती सपाट बसते, मानेला रुतत नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूचे टोक वर घेतले, की गाठ सरकते आणि हात खाली लोंबतो. पंजा कोपरापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे. वहीत आकृती कितीही सुबक काढली, तरी तेवढ्यावर इथे भागत नाही. म्हणूनच शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्या पथकाची पदके एकदम ‘उरकून’ घेण्याची पद्धत या योजनेला फार मारक आहे. गाठ हातात बसायला आठवडे लागतात आणि ते आठवडे पथकाने मुलाला द्यायला हवेत.