सध्या मी काय ऐकतो आणि का

सध्या काय वाचता, असे आपल्या लेखक-कार्यकर्त्यांना नेहमी विचारले जाते. सध्या काय ऐकता, असे कोणी विचारत नाही. या न विचारण्यामागे एक समजूत दडलेली आहे. विचार पुस्तकात असतो आणि गाण्यात करमणूक असते, अशी ती समजूत. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने ही समजूत डोळे मिटून स्वीकारावी हे मला पटत नाही. म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी येथे देतो आहे.

गेले काही महिने मी मुख्यतः तीन गोष्टी ऐकतो आहे. जात्यावरच्या बाबासाहेबांच्या ओव्या, वामनदादा कर्डकांची गाणी आणि कडुबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीते. कान तृप्त व्हावा म्हणून मी ती ऐकत नाही, असे म्हणणे खोटे होईल. कान तृप्त होतोच. पण माझा शोध वेगळा आहे. आपल्या चळवळीचा इतिहास ठराव, परिषदा आणि वृत्तपत्रे यांच्या आधाराने लिहिला गेला. ज्यांना ठराव वाचता येत नव्हता, त्यांच्यापर्यंत तो कसा पोचला, हे मला समजून घ्यायचे आहे.

गावगाड्यात आपल्या माणसाचे वाद्य हे बलुत्याचे काम होते. हलगी वाजे ती दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढे. तमाशाच्या बोर्डावरही कला आपली आणि शिट्टी दुसऱ्याची. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये जातीची रेषा होती. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, पण त्यातला मजकूर उलटा केला. आंबेडकरी जलसा हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. 1927 चा महाडचा सत्याग्रह आणि 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह यांनी तापलेल्या वातावरणात हे जलसे गावोगाव फिरू लागले. नाशिक भागातले भीमराव कर्डक हे त्यांतले अग्रणी नाव. त्यांनी 1978 साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, म्हणून जलशाची हकिगत आपल्या हाती लागली.

जलशाने काय बदलले? देवाच्या स्तवनाची जागा समतेच्या विचाराने घेतली. शृंगार मागे हटला. स्त्रीला नाचवणे थांबले. सवाल-जवाब राहिले, पण सवाल आता अस्पृश्यतेला, सावकारीला, अंधश्रद्धेला आणि आपल्याच दारूबाजीला होते. या सर्वांहून मोठा बदल मला दुसराच वाटतो. गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले झाले. दुसऱ्याच्या दारातले वाद्य आपल्या अंगणात आले. बलुत्यातून सुटलेले हे पहिले संगीत होय.

या परंपरेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चाली उसन्या आहेत, सिनेमाच्या आहेत, म्हणे. लावणी, पोवाडा, अभंग, कव्वाली, नाटकातले पद, सिनेमातले गाणे, जे कानावर होते ते आपल्या शाहिरांनी उचलले, हे खरेच आहे. पण का उचलले, हे आक्षेप घेणारा विचारत नाही. छापलेला कागद ज्याला वाचता येत नाही, त्याला नवी चाल शिकवत बसायला एका रात्रीच्या कार्यक्रमात वेळ कुठून आणणार? चाल आधीच तोंडी असेल, तर पहाटे घरी जाताना माणूस फक्त शब्द घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत, शेतात, नळावर पोचतात. अनोळखी विचार ओळखीच्या चालीवर बसवणे ही गरिबाची छपाई होती.

आता वामनदादांविषयी. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी ते जन्मले, 2004 साली गेले. मुंबईत आल्यावर, मोठेपणी, ते अक्षरे शिकले. 1943 पासून त्यांनी गाणी रचली आणि ती गात महाराष्ट्र पालथा घातला. त्यांची गाणी ऐकताना मी शेवटच्या कडव्याची वाट पाहतो. तिथे ‘वामन’ हे नाव येते. ही नाममुद्रेची रीत संतांची आहे. चोखोबांनी आपल्या अभंगात आपले नाव कोरले आणि त्याच्याबरोबर आपली जातही लपवली नाही. ज्याच्याकडे छापखाना नाही, करारपत्र नाही, त्याच्याजवळ आपल्या मालकीचा हा एकच पुरावा असतो. गाणे कोणीही गावे, पण शेवटी रचणाऱ्याचे नाव घ्यावेच लागते.

आज जयंतीच्या मिरवणुकीत मी कान देऊन ऐकतो. भिंतीएवढे कर्णे असतात, ठेका असतो, मुखडा पुन्हा पुन्हा वाजतो. शेवटचे कडवे बहुतेक वेळा येतच नाही. कडवे गेले की नाव गेले. तरुणांच्या नाचण्याला माझा विरोध नाही. ज्यांच्या आजोबांना रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांनी भर रस्त्यात नाचावे. पण ज्याच्या शब्दांवर आपण नाचतो, त्याचे नाव आपणच पुसावे काय? पुसण्याचे काम आजवर दुसरे करत आले.

बायांच्या ओव्यांना तर नाममुद्राही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी गावोगावी फिरून ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाहून मोठा आहे आणि त्यात बाबासाहेबांच्या ओव्या आहेत. त्यांत बाबासाहेब भाऊ होतात, बाप होतात, पाहुणे म्हणून दारी येतात. परिषदेच्या अहवालात या बाया ‘स्त्रियांचीही उपस्थिती मोठी होती’ एवढ्या एका वाक्यात संपतात. जात्याशी मात्र त्या स्वतः बोलतात. गिरणी आली, जाते थांबले, आणि ओवी म्हणणाऱ्या पिढ्या एकेक करून चालल्या आहेत.

विलास घोगरे यांचा आवाजही मी ऐकतो, पण रोज ऐकवत नाही. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात तो आवाज आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा जण मेले. त्यानंतर चारच दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपवले. त्या गोळीबाराची कागदपत्रे अभ्यासकांना मिळतील. त्या वस्तीचा श्वास कसा होता, हे कळायला घोगऱ्यांचा आवाज लागेल.

मग कडुबाई का? कारण त्यांच्या गळ्यात आणि एकतारीत ही जुनी वाट अजून चालू आहे. पाठीमागे वाद्यवृंद नाही, म्हणून शब्द लपत नाही.

वाचकांना माझे एकच सांगणे आहे. प्रत्येकाच्या वस्तीत एखादा म्हातारा जलशेवाला, एखादी ओवी म्हणणारी आजी असेल. हातात यंत्र आहे, ते त्यांच्यापुढे धरा. गाणे पूर्ण घ्या, शेवटच्या कडव्यासकट. रचणाऱ्याचे नाव, गाव आणि चाल कुठली, हे लिहून ठेवा. आपला इतिहास अजून कोणाच्या तरी गळ्यात आहे, आणि गळा फार दिवस टिकत नाही.