व्हिडिओ गेमची पारख

एखादी कृति आपणांस आवडणें आणि ती खरोखर चांगली असणें, या दोन गोष्टी एकच आहेत कीं भिन्न, हा वाद फार जुना आहे. आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं रसास्वादाचा अधिकार सहृदयास दिला, त्याच्या मुळाशीं हाच विचार होता: आस्वाद ज्याचा त्याचा खरा; परंतु सर्व आस्वादकांची तयारी सारखी नसते. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानें १७५७ सालीं अभिरुचीच्या कसोटीवर निबंध लिहिला, त्यांत डॉन किहोटेच्या कादंबरींतील एक कथा घेतली आहे. दोघां जाणत्यांस एका पिंपांतील मद्याची परीक्षा करावयास सांगितलें. मद्य उत्तम, असें दोघेही म्हणाले. मात्र एकास त्यांत किंचित् चामड्याची चव लागली, दुसऱ्यास लोखंडाची. लोक दोघांसही हंसले. पुढें पिंप रिकामें झालें, तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सांपडली!

काव्यचित्रादि कलांत जो वाद शतकानुशतकें चालला, तोच व्हिडिओ गेमच्या बाबतींत अवघ्या अर्ध्या शतकांत घडून आला. आणि त्यांत पंडितांच्या प्रतिष्ठेबरोबर कारागिरांची मिळकतही गुंतली. म्हणून तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

या खेळांचा पहिला परीक्षक म्हणजे पैशांची पेटी. १९७२ सालीं अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यानें रचलेला ‘पाँग’ हा खेळ कॅलिफोर्नियांतील एका मद्यगृहांत ठेवण्यांत आला. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतां, नाण्यांनीं पेटी ओसंडून गेल्यामुळें तें अडलें होतें, असें आढळलें. यावरून लोकप्रियता हीच योग्यता, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. परंतु दहाच वर्षांनीं त्याच कंपनीस उलट अनुभव आला. स्पीलबर्ग यांच्या गाजलेल्या चित्रपटावरून काढलेला ‘ई. टी.’ हा खेळ सुमारें पांच आठवड्यांत घाईनें तयार करून १९८२ च्या नाताळांत विक्रीस आणला गेला. आरंभीं तो पुष्कळ खपला. पण न खपलेल्या आणि परत आलेल्या प्रतींचा मोठा सांठा उरला, आणि १९८३ सालीं त्यांतील कांहीं माल न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें इतर मालाबरोबर पुरून टाकावा लागला. २०१४ सालीं तो उकरून काढण्यांत आला.

या दोन खपांत भेद आहे. मद्यगृहांत दुसरें नाणें टाकणारा मनुष्य पहिल्याचा आस्वाद घेऊन तें टाकतो. दुकानांतून खोका विकत घेणारा केवळ नांवावर भरंवसा ठेवतो. ‘ई. टी.’ मध्यें खेळणारा पुनःपुनः खड्ड्यांत पडतो, ही त्या पिंपांतील किल्ली होय. बालपणच्या आठवणींमुळें तो खेळ कोणास प्रिय असल्यास त्या प्रेमास आमची हरकत नाहीं. परंतु त्या प्रेमानें खड्डे बुजत नाहींत.

विकत घेण्यापूर्वीं सल्ला देणाऱ्यांची गरज अशा रीतीनें उघड झाली. अमेरिकेंत आर्नी कॅट्झ व बिल कंकेल यांनीं १९७९ च्या सुमारासच ‘व्हिडिओ’ मासिकांत परीक्षणाचें सदर सुरू केलें होतें. १९८६ सालीं निघालेल्या जपानी ‘फामित्सू’ नें निराळी पद्धत पाडली: चार परीक्षकांनीं प्रत्येकीं दहांपैकीं गुण द्यावयाचे, व त्यांची बेरीज चाळीसांपैकीं छापावयाची. पुरे चाळीस गुण प्रथम ‘झेल्डा’ मालिकेंतील एका खेळास १९९८ सालीं मिळाले. या पद्धतींत निदान चौघांचीं मतें वेगवेगळीं दिसत. कोणाची रुचि आपल्याशीं जुळते, हें वाचकास ठरवितां येई.

२००१ सालीं आलेल्या ‘मेटाक्रिटिक’ नें ही सोयही पुसून टाकली. तेथें अनेक परीक्षणांची सरासरी काढून शंभरांपैकीं एकच आंकडा दिला जातो. कोणत्या परीक्षणास किती वजन, हें मात्र सांगितलें जात नाहीं. २०१० सालच्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ या खेळाची कथा प्रसिद्ध आहे. सरासरी ८५ भरल्यास ऑब्सिडियन या निर्मात्या संस्थेस अधिक मोबदला मिळावयाचा होता. ती भरली ८४, असें संस्थेच्या एका प्रमुखानेंच २०१२ सालीं जाहीर केलें. आरंभीं त्या खेळांत यांत्रिक दोष पुष्कळ होते, ही तक्रार रास्त होती. पण त्याचें कथानक व लेखन यांची थोरवी पुढें सर्वमान्य झाली. तो खेळ अधूनमधून बंद पडतो, हें विधान कोणासही पडताळून पाहतां येतें. तो कंटाळवाणा वाटतो, हें आत्मनिवेदन आहे. सरासरीनें दोन्हींचा एकच काढा केला, आणि एका गुणानें लोकांच्या मेहनतीचें मोल ठरलें.

आंकड्यांचा असा बडिवार, तर दुसरीकडे सरसकट तिरस्कार. २०१० च्या एप्रिलांत शिकागोचे विख्यात चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्ट यांनीं व्हिडिओ गेम ही कला कधींच होऊं शकणार नाहीं, असें लिहिलें. वाचकांचा गदारोळ उठल्यावर, अनुभव नसतां आपण तें बोलावयास नको होतें, अशी प्रांजळ कबुली त्यांनीं जुलैंत दिली. मद्य न चाखतां निवाडा देणारा आणि दुसऱ्यांच्या चवींची सरासरी काढणारा, हे दोघेही ह्यूमच्या कथेंतले जाणते नव्हेत.

खरी वाट २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें दाखविली. पहिले चौदा खेळ संग्रहांत घेतांना त्यानें आपल्या कसोट्या उघड मांडल्या: खेळणाऱ्याच्या वर्तनाची रचना, सौंदर्य, अवकाश आणि काल. त्या चौदांत मॉस्कोंतील अलेक्सेइ पाजित्नोव्ह यानें १९८४ सालीं निर्मिलेला ‘टेट्रिस’ होता. ज्या संगणकावर तो जन्मला, त्यास चित्रें काढतां येत नव्हतीं. कंसांच्या चिन्हांनींच ठोकळे दाखवावे लागत. चार चार चौरसांच्या सात आकृति आणि एक सोपा नियम, एवढ्यावर तो जगभर पसरला. त्याची योग्यता रोषणाईंत नसून रचनेंत आहे, हें कोणासही सकारण दाखवितां येतें. आणि दाखविल्यावरही एखाद्यास तो आवडला नाहीं, तर तो अपराध नव्हे.

घरांतील मुलें एखाद्या खेळाची स्तुति करूं लागलीं, कीं वडील माणसें बहुधा एबर्टचा पहिला मार्ग धरतात, आणि मुलें आंकडा पुढें करतात. त्याऐवजीं वडिलांनीं एकदां खेळून पाहावें, मुलांनीं तो चांगला कां, हें सांगावें. आवडीस कारण द्यावें लागत नाहीं. योग्यतेस द्यावें लागतें. एवढा विवेक राखला, तर मतभेद उरले तरी भांडण उरणार नाहीं.