पहिल्या सेक्टरचा पहारेकरी

बटण दाबले आणि पडदा उजळला, एवढेच आपल्याला दिसते. जुन्या संगणकात मधल्या काही क्षणांत मदरबोर्डवरचा ‘बायोस’ जागा व्हायचा, हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा आणि तिथे जो प्रोग्राम असेल त्याच्या हाती कारभार सोपवायचा. हा सेक्टर अवघा 512 बाइटचा. त्यात प्रोग्रामला जागा 446 बाइट. आजच्या युनिकोडमध्ये एखादी चारोळी जेमतेम मावेल इतकीच! पण या चिमूटभर जागेवर ज्याचा ताबा, घर त्याचे.

विषाणू लिहिणाऱ्यांनी हे लवकर हेरले. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये जाऊन बसे. त्यात त्यांनी आपली नावे, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवले होते. इतका सभ्यपणा पुढे कोणी दाखवला नाही. 6 मार्च 1992 रोजी ‘मायकेलअँजेलो’ नावाचा विषाणू लाखो संगणक बुडवणार, अशी हाकाटी झाली. बुडाले ते काही हजार. पण धास्ती बसली.

मग बायोस बनवणाऱ्यांनी मदरबोर्डमध्येच पहारेकरी बसवला. त्याला हुकूम एकच : पहिल्या सेक्टरवर कोणी लिहू लागले, की ओरडायचे. लिहिणारा कोण, हे पाहण्याची अक्कल त्याला नव्हती.

आता 1991 साली हेलसिंकीत जन्मलेल्या लिनक्सचे पाहा. त्याला उठवणारा ‘लिलो’ आणि नंतरचा ‘ग्रब’ हेही बहुधा याच सेक्टरमध्ये मुक्काम करत. मालकाने स्वतःच्या हाताने नवा बिऱ्हाडकरू आणला, तरी पहारेकऱ्याच्या लेखी तो चोरच. विंडोज 95 बसवतानाही असेच व्हायचे. म्हणून डेबियन लिनक्सच्या मार्गदर्शिकेत सांगितलेले असे, की आधी बायोसमधला हा पहारा बंद करा, काम झाले की हवा तर पुन्हा सुरू करा.

खरी मौज पुढे आहे. पहारेकरी उभा होता बायोसच्या दारात. लिनक्स एकदा सुरू झाले, की ते बायोसला न विचारता थेट डिस्कशी बोलते. म्हणजे परसदार सताड उघडे! 26 एप्रिल 1999 रोजी तैवानच्या ‘सीआयएच’ विषाणूने तर बायोसची चिपच पुसून टाकली. पहारेकऱ्याचीच चौकी जळाली.

2012 साली विंडोज 8 बरोबर ‘सिक्युअर बूट’ घरोघर आले. हा पहारेकरी शिकलेला. तो सही तपासतो. पण बहुतेक संगणकांत ओळखीची सही मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे लिनक्सवाल्यांना ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम तिच्याकडूनच सही करून घ्यावा लागला. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने बूटलोडर बाद ठरवले आणि शेजारी नांदणारे लिनक्स कित्येकांच्या संगणकांवर उठेना.

जुना पहारेकरी अडाणी होता, पण मालक त्याला घरी पाठवू शकत असे. विंडोज 8 च्या वेळी साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय देणे मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना बंधनकारक केले होते. 2015 साली विंडोज 10 आले तेव्हा ते बंधन उठले आणि गोष्ट उत्पादकाच्या मर्जीवर गेली. तेव्हापासून नवा संगणक घेताना मी दुकानदाराला तो पर्याय आधी उघडून दाखवायला सांगतो.