गादी, पिंजारी आणि साडेनऊ किलो

आमची गादी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली, तेव्हा माझा नवरा लाजेने बिल्डिंगच्या गेटबाहेर जाऊन उभा राहिला. "अगं, लोक बघतायत." बघू देत. खोळ काढून नुसत्या फोमचं वजन भरलं साडेनऊ किलो. गादी ७२ बाय ६० बाय ६ इंच. म्हणजे ०.४२५ घनमीटर. भागाकार केला की घनता येते घनमीटरला साधारण २२ किलो. विकताना सांगितली होती ३२. बत्तीसच्या हिशेबाने ती साडेतेरा किलोच्या वर भरायला हवी होती.

ही गादी आम्ही लग्नानंतर, नवीन पनवेलच्या भाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा मोबाइलवरून मागवली होती. दहा वर्षांची वॉरंटी होती. अडीच वर्षांत तिच्यात दोन खड्डे पडले, एक त्याच्या बाजूला, एक माझ्या. मधे उरला डोंगर. कंपनीचं म्हणणं, खड्डा ठरावीक खोलीपेक्षा जास्त असेल तरच तो ‘दोष’, नाहीतर ‘वापरामुळे आलेला नैसर्गिक मऊपणा’. आमचा खड्डा पट्टीने मोजला तर अगदी नैसर्गिक निघाला.

(वजनाची युक्ती वापरणार असाल तर एक सांगते. गादी हलकी निघाली तर फसवणूक नक्की, पण जड निघाली म्हणजे चांगली असं नाही. फोममध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवता येतं. आणि दोन-तीन थरांच्या गादीत प्रत्येक थराची घनता वेगळी असते.)

नवी गादी बघायला लागलो, तेव्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: टिकाऊ हवी आणि पैसे वसूल व्हायला हवेत. पण टिकाऊ म्हणजे काय, हे दुकानदार सांगतात ते आणि माझी आजी सांगायची ते, यात फार फरक होता. तो शोधता शोधता मी गादीच्या इतिहासात शिरले.

आजीची गादी १९६८ सालची. खामगावकडचं माहेर. लग्नात आंदण म्हणून पलंग, भांडी आणि दोन गाद्या आल्या. एकेका गादीत बारा किलो रुई, हा आकडा तिला मरेपर्यंत पाठ होता, कारण ती रुई तिच्या वडिलांनी घरच्या कापसातून बाजूला काढली होती. त्यातली एक गादी अजून आईच्या घरी माळ्यावर आहे. सत्तावन्न वर्षं. मात्र ती ‘टिकली’ म्हणताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: दर तीन-चार वर्षांनी ती उसवली जायची, आतली रुई पिंजली जायची, नवी खोळ शिवली जायची. फोमची गादी न उघडता टिकावी अशी आपली अपेक्षा असते. कापसाची गादी उघडली जायची म्हणून टिकायची.

दुसरी गोष्ट मला आईने सांगितली. आजी त्या गादीवर कधी झोपलीच नाही. गादी आजोबांची आणि पाहुण्यांची. आजी माजघरात, लेकरांसोबत, गोधडीवर.

हे ऐकल्यावर ‘जोडप्यासाठी गादी’ हा शब्दप्रयोगच मला नवा वाटायला लागला, आणि तो खरंच नवा आहे. जुन्या घरांत पुरुष ओसरीवर, बायका-मुलं माजघरात. नवरा-बायकोचं अंथरूण ही उघड दिसायची वस्तू नव्हती. गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा कामगार पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्याकडे वळकटी असायची, सकाळी गुंडाळून भिंतीशी ठेवायची. कोकणात तर कापूसच पिकत नाही. घोंगडी, चटई, गोधडी. काटेसावरीच्या बोंडांतला कापूस उशांत भरायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कर्नाळ्याच्या बाजूला गेलात तर ती लाल फुलं आजही दिसतील.

गादी हा शब्दच मुळी झोपण्यापेक्षा बसण्याचा जास्त. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, पेढीवरची लोड-तक्क्याची गादी. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं तेव्हा गेली ती ‘गादी’च. सत्ता, वारसा आणि पैसा ज्यावर बसतो ती वस्तू. त्यामुळे ती आंदणात का द्यायची, हे कळतं. मुलीच्या बापाने जावयाला गादीवर बसवायचं. मुलगी कुठे झोपेल, हा प्रश्न त्यात नव्हता.

आता पनवेलचा यात काय संबंध? गाढी नदीच्या काठचं गाव (मोबाइलवर ‘गाढी’ टाइप केलं की हटकून ‘गादी’ होतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे). रेल्वे येण्याआधी घाटावरचा माल मुंबईला न्यायचा एक मोठा रस्ता इथे येऊन समुद्राला मिळायचा. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० साली, बोर घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून यायचा. वऱ्हाडातून मुंबईला गेलेला पहिला मोठा कापूस १८२५-२६ सालचा. विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने तो पाचशे बैलांवर लादून नेला होता. घाटरस्ता झाल्यावर बैलगाड्या पनवेलपर्यंत येऊ लागल्या, इथून पुढे होडीने मुंबई. ब्रिटिशकालीन गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाड्या बांधण्याची नोंद आहे. मग १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली, ती कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडलं. आज गाड्यांची ती चाकं नाहीत, पण दोन-दोन एक्सप्रेसवे आमच्या खिडकीतून ऐकू येतात, आणि आमची फसवी गादीही त्यातल्याच एकावरून आली.

कापूस आला की त्याच्यामागून पिंजारी येतो. महाराष्ट्रात त्यांना पिंजारी, नदाफ, मन्सुरी म्हणतात. माणसाच्या उंचीएवढी कमान, तिला आतड्याची तात, आणि तातीवर मारायचा लाकडी ठोकळा. तात कापसात धरून छेडायची, तिच्या कंपनाने गठ्ठा झालेले तंतू सुटे होतात, कचरा खाली पडतो. यंत्रशास्त्राच्या भाषेत हे फार सुंदर यंत्र आहे: तंतू न तोडता फक्त हलवून मोकळा करणं. जुन्या पनवेलात वाढलेल्या माझ्या सासूबाईंना तो आवाज आठवतो. "टण्ण, टण्ण, टण्ण. दुपारची झोप मोडायची बघ."

मन्सुरी हे नाव दहाव्या शतकातल्या बगदादपर्यंत जातं. मन्सूर अल-हल्लाज या सूफीला ९२२ साली तिथे ठार मारण्यात आलं. हल्लाज म्हणजे अरबीत पिंजारी. ‘मीच सत्य आहे’ असं म्हणणाऱ्या या संताला पिंजाऱ्यांनी आपला मानलं. (इंग्रजीतला ‘मॅट्रेस’ हा शब्दही अरबीतून गेलेला. मूळ अर्थ, काहीतरी टाकून ठेवायची जागा. आमच्या घरात तो अर्थ अजून लागू आहे.)

गांधींनी सूत कातायचं ठरवलं तेव्हाही गाडी पिंजाऱ्यापाशी अडली. पेळूसाठी पिंजलेली रुई हवी. गंगाबेन मजमुदारांनी जो पिंजारी शोधला त्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले, आणि गांधींनी ते दिले, असं त्यांच्या आत्मकथेत आहे. त्या काळाचा विचार करता हा पगार चांगलाच. एरवी या कारागिराला दारोदार फिरून, ओट्यावर बसून, कापसाचं कस्पट छातीत घेत काम करावं लागायचं.

त्याचं काम गेलं ते एका दिवसात नाही. आधी रबर आलं. १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला डनलॉप कंपनीत रबराच्या चिकाला फेस आणून पहिला फोम केला गेला, आणि आपल्याकडे श्रीमंतांच्या घरात ‘डनलॉपची गादी’ हा शब्द रुळला. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरने पॉलियुरेथेन शोधलं. त्याचा मऊ फोम पन्नासच्या दशकात बाजारात आला. पण मराठी मध्यमवर्गाच्या घरात पिंजाऱ्याला खरी टक्कर दिली ती काथ्याने. १९६२ साली कर्नाटकात कर्लॉन सुरू झाली, पुढच्या वर्षी केरळच्या अलप्पुळात ड्युरोफ्लेक्स. नारळाच्या काथ्याला कुरळं करून, वर रबराचा चीक फवारून, दाबून केलेली गादी. ऊन द्यायला नको, पिंजायला नको. आईच्या पिढीला याचं कोण अप्रूप! तिच्या लग्नातली गादी काथ्याचीच होती. बारा वर्षांनी ती मधोमध बसली. तेव्हा कळलं की काथ्या पिंजता येत नाही. बसला की बसला.

मग फोम, स्प्रिंग, नासाच्या संशोधनातून १९६६ मध्ये निघालेला मेमरी फोम. २०१६ मध्ये वेकफिट आली आणि गादी दाबून, गुंडाळून खोक्यात यायला लागली. २०२३ मध्ये स्लीपवेलवाल्या शीला फोमने कर्लॉनच विकत घ्यायचं जाहीर केलं. इथला इतिहास मी भराभर उरकतेय, कारण जाहिरातींनी तो तुम्हाला पाठ करून दिलेला आहे.

आमच्या घरातलं भांडण मात्र घनतेवरून नव्हतंच. आईने फोन केला, "गादी आम्ही घेऊन देतो. लग्नात तुम्ही काही घेऊ दिलं नाही." मी नाही म्हटलं. १९६१चा हुंडाबंदी कायदा आहे, १९८५ पासून भेटवस्तूंची लेखी यादी करण्याचा नियम आहे, हे सगळं मी तिला ऐकवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "यादीत नव्हतं गं लिहिलेलं, तरी तुझ्या आजीचे वडील तो कापूस रात्री जागून सरकीपासून वेगळा करत होते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय नवऱ्याला कडक गादी हवी होती. त्याची पाठ दुखते, आणि कडक म्हणजे पाठीला बरी, ही श्रद्धा त्याच्या घरात तीन पिढ्यांची. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना नव्वद दिवस कडक किंवा मध्यम कडक गाद्यांवर झोपवलं. मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "स्पॅनिश लोकांचं वेगळं असतं." त्याचं वजन ८४, माझं ५३. एकच फोम दोघांना सारखाच कसा वाटेल? त्याच्यासाठी जो मध्यम, तो मला फरशी.

शेवटी तोडगा सुचवला तो जुन्या पनवेलातल्या एका गादीवाल्या चाचांनी. त्यांचे वडील कमान घेऊन फिरायचे. यांच्याकडे आता विजेवर चालणारं यंत्र आहे, आणि धंदा मुख्यतः उशा, सोफ्याचे फोम, लग्नमंडपाच्या गाद्या. मी आजीच्या गादीचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "कपास देशी है क्या? आणा, बघतो."

आईच्या घरून गादी टेम्पोने आली. चाचांनी कोपरा उसवला, बोटभर रुई ओढून दोन्ही हातांनी ताणली. "तंतू कमी झालाय, पण आहे." मग त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, जो एकाही सेल्समनने विचारला नव्हता: "दोघांचं वजन किती?" खाली लाकडी पलंगावर काथ्याचा चार इंची पातळ थर, त्यावर दोन वेगळ्या सिंगल गाद्या. त्याच्या बाजूला रुई जास्त आणि ठासून, माझ्या बाजूला कमी आणि सैल. टाचे जवळजवळ घालून, वर एकच खोळ. आजीची बारा किलो चाळून नऊ उरली, बाकी नवी घातली. काथ्याच्या थरासकट सगळं मिळून साडेनऊ हजार झाले. आईने नव्या रुईचे पैसे दिले. तेवढं मी घेतलं.

यंत्रातून रुई बाहेर पडत होती तेव्हा आम्ही दारात उभे होतो. गादीत पिवळट, दगडासारखी झालेली ती पांढरी होऊन, फुगून खोलीभर पसरली. नवरा शिंकत होता. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, फोन जरा जवळ ने.

जाताना चाचांनी बजावलं, "महिन्यातून एकदा ऊन द्या, पावसाळा संपला की दोन दिवस सलग. चार वर्षांनी परत आणा. मी नसलो तर मुलाचा भरवसा नाही, तो मोबाइलचं दुकान टाकतोय."

ऊन द्यायला गच्ची हवी. सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे, आणि दारावर नोटीस: ‘येथे गाद्या, पापड, कपडे वाळत घालू नयेत. आदेशावरून.’ मी सेक्रेटरींना अर्ज दिलाय. मीटिंग पुढच्या रविवारी आहे.