१००९ आणि ५४६ : शाळकरी धावांचे मोल कसे करावे?

१/ कल्याण, ५ जानेवारी २०१६. शालेय सामन्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाची धावसंख्या चार आकडी झाली. क्रिकेटच्या नोंदवलेल्या इतिहासात असे पूर्वी कधीच घडले नव्हते. त्याच्या दोन वर्षे आधी आझाद मैदानावर विरारच्या चौदा वर्षांच्या एका मुलाने ५४६ धावा केल्या होत्या. आजचा धागा या दोन डावांविषयी आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांविषयी.

२/ प्रणव धनावडे आणि पृथ्वी शॉ यांच्या वयात जेमतेम सहा महिन्यांचे अंतर. दोघेही मुंबई शहराबाहेरचे, लोकलच्या टोकाकडचे. दोघेही साध्या घरातले. दोघांच्याही नावामागे किशोरवयातच एक अवाढव्य आकडा चिकटला. पुढे एक कसोटी सामन्यापर्यंत गेला, दुसऱ्याला रणजी संघाचे दारही उघडले नाही. असे का झाले? आकड्यांत त्याचे उत्तर आधीच दडलेले होते काय?

३/ प्रथम ५४६. स्पर्धा हॅरिस शील्ड, दिनांक २० नोव्हेंबर २०१३. रिझवी स्प्रिंगफील्ड विरुद्ध बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी'असिसी. शॉने ३३० चेंडूंत ८५ चौकार आणि ५ षटकार मारले. याच शाळेच्या सर्फराज खानने २००९ मध्ये याच स्पर्धेत ४३९ धावा केल्या होत्या. शॉने तो टप्पा मागे टाकलाच, शिवाय १९३३ मधील दादी हवेवाला यांच्या ५१५ धावांनाही ओलांडले.

४/ या तारखेचे आणखी एक महत्त्व आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकरने शेवटचा सामना संपवला होता. अवघ्या चार दिवसांनी मुंबईला एक चौदा वर्षांचा, बुटका, उजव्या हाताने खेळणारा फलंदाज सापडला. साहजिकच 'पुढचा सचिन' हे बिरुद त्याच्या माथी तत्काळ बसले. त्या ओझ्याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

५/ आता १००९. स्पर्धा मुंबई क्रिकेट संघटनेची सोळा वर्षांखालील भंडारी चषक स्पर्धा. कल्याणची के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल. ४ जानेवारी २०१६ रोजी दिवसअखेर प्रणव नाबाद ६५२. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासून अबाधित राहिलेला ६२८ धावांचा विक्रम पहिल्याच दिवशी मोडला होता. दुसऱ्या दिवशी नाबाद १००९. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार.

६/ के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी. कल्याणमध्ये रिक्षा चालवणाऱ्या एका बापाचा मुलगा दोन दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला. सचिनने स्वतःच्या स्वाक्षरीची बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

७/ निवड समितीच्या माणसाने हे दोन धावफलक शेजारी ठेवले तर तो काय पाहील? एकूण धावा तो सर्वांत शेवटी पाहील. आधी पाहील प्रतिस्पर्धी. ३१ आणि ५२ वर बाद होणाऱ्या संघाची गोलंदाजी कितपत धारदार असणार? त्या संघात नेहमीचे मोठे खेळाडू नव्हते, बरीच मुले वयाने लहान होती, आणि झेल सुटण्याला सुमार नव्हता, हे त्याच वेळच्या वार्तांकनात आले होते.

८/ मग पाहील मैदान. प्रणवच्या १००९ पैकी ८७० धावा चौकार-षटकारांच्या, म्हणजे सुमारे ८६ टक्के. शॉच्या ५४६ पैकी ३७०, म्हणजे सुमारे ६८ टक्के. शॉने १७६ धावा पळून काढल्या, प्रणवने १३९. षटकारांचा फरक तर डोळ्यांत भरणारा : ५९ आणि ५. कल्याणच्या मैदानाची एक बाजू फारच जवळ होती. आझाद मैदानावर शॉचा चेंडू बहुतांशी जमिनीवरूनच सीमेकडे गेला.

९/ परंतु येथे घाईने निष्कर्ष काढू नये. शॉच्या सामन्यातही प्रतिस्पर्धी दुबळाच होता. रिझवीच्या ९९१ धावांपुढे समोरच्या संघाला शंभरीही गाठता आली नव्हती. केवळ त्या एका डावावरून शॉ कसोटीपटू होईल असे म्हणणे हेही तितकेच धाडसाचे ठरले असते. खरा फरक त्या डावाच्या मागे आणि पुढे होता.

१०/ मागे काय होते? विरारहून वांद्र्यापर्यंत रोज पहाटेची लोकल. चार वर्षांचा असताना आई गेली. बापाने मुलाचे क्रिकेट हेच आपले काम मानले. पुढे प्रायोजक मिळाला, मुंबईत राहण्याची सोय झाली, रिझवीसारखी क्रिकेटवेडी शाळा मिळाली, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या शाळेकडून खेळण्याची संधी मिळाली. ५४६ पूर्वीच तो निरनिराळ्या खेळपट्ट्यांवर तपासला गेला होता.

११/ प्रणवची शिडी वेगळी होती. त्याचा विक्रम हा त्याच्या पहिल्याच मोठ्या ओळखीचा क्षण ठरला. जी पायरी चौथी किंवा पाचवी असायला हवी, ती पहिली आली. आधी विक्रम, मग नामांकित प्रशिक्षक, मग मुंबईतल्या मोठ्या क्लबांचा सराव. आणि सरावाचे प्रत्येक सत्र आता हजार धावांच्या सावलीत. तीस धावांवर बाद होणे ही सामान्य गोष्ट, पण त्याच्या बाबतीत ती बातमी होऊ लागली.

१२/ अंतराचाही विचार करावा. कल्याण मुंबईच्या मुख्य टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटर. आमची खडवली त्याही पुढे, शहाड, आंबिवली, टिटवाळा सोडून कसाऱ्याच्या वाटेवर, भातसेच्या काठी. किटबॅग घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये शिरणे काय असते, हे या मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्रिकेटची मोठी मैदाने दक्षिणेकडे, आणि मुले उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकलेली. मुंबई क्रिकेटचा गेल्या तीन दशकांचा भूगोल तो हाच.

१३/ तरीही अंतर हेच एकमेव कारण म्हणता येत नाही. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलनेच मोठा झाला. कल्याणचा तुषार देशपांडे शिवाजी पार्क जिमखान्यात फलंदाज म्हणून चाचणीला गेला. फलंदाजांची रांग फार लांब होती म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, आणि २०२४ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. कोणाची गुणवत्ता कोठे दडली आहे, हे कधीकधी रांगेची लांबी ठरवते.

१४/ आता एका गैरसमजाविषयी. मे २०१६ मध्ये पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकर आला आणि प्रणव आला नाही, तेव्हा समाजमाध्यमांवर गहजब झाला. त्याला जातीचा रंगही दिला गेला. वस्तुस्थिती अशी की विभागीय संघ राज्यसंघांतील खेळाडूंमधून निवडला जातो, आणि मुंबईच्या त्या वयोगटाचा संघ प्रणवच्या डावाआधीच ठरलेला होता. प्रणवच्या घरच्यांनीही त्या निवडीबद्दल तक्रार केली नाही.

१५/ त्या गदारोळात नुकसान कोणाचे झाले? दोन्ही मुलांचे. एकाच्या निवडीवर कायमचा संशयाचा डाग, दुसऱ्याच्या खांद्यावर अन्यायाच्या प्रतीकाचे ओझे. दोघेही सोळा वर्षांचे. ज्यांनी त्यांच्या नावाने हजारो संदेश पुढे ढकलले, त्यांपैकी किती जण पुढे त्यांचा एखादा सामना पाहायला गेले असतील?

१६/ इकडे शॉची शिडी पुढे सरकत होती. जानेवारी २०१७, राजकोट, रणजी उपांत्य सामना, प्रतिस्पर्धी तमिळनाडू. सतरा वर्षांच्या शॉचे पदार्पण. मुंबईपुढे २५१ धावांचे लक्ष्य, आणि चौथ्या डावात त्याच्या १२० धावा. माझ्या मते निवड समितीच्या दृष्टीने या १२० धावांचे वजन त्या ५४६ पेक्षा कितीतरी अधिक होते. गोलंदाज प्रौढ होते, खेळपट्टी जुनी झाली होती आणि हरल्यास स्पर्धेतून बाहेर पडायचे होते.

१७/ पुढचा आलेख सर्वांना माहीत आहे. ३ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी राजकोटलाच, वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणात १५४ चेंडूंत १३४. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान भारतीय ठरला. १००९ वाल्याची कथा संपली आणि ५४६ वाल्याची सुरू झाली, असेच तेव्हा सर्वांना वाटले.

१८/ पण इतिहास असा सरळ चालत नाही. सराव सामन्यात घोट्याची दुखापत. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी. डिसेंबर २०२०, ॲडिलेड : ० आणि ४. भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला तो हाच सामना. शॉच्या कसोटी कारकिर्दीचा हिशेब तेथेच थांबला : ५ सामने, ३३९ धावा, सरासरी ४२.३७. सरासरी वाईट नाही, पण पुन्हा बोलावणे आले नाही.

१९/ त्याच मालिकेत पुढच्या आठवड्यात मेलबर्नला नेतृत्व आले डोंबिवलीच्या रहाणेकडे. त्याने ११२ धावा केल्या आणि भारताने मालिका फिरवली. एकाच लोकल जाळ्याच्या दोन टोकांवरचे दोन मुलगे. एकाच्या पाठीशी ५४६ चा गाजावाजा, दुसऱ्याच्या पाठीशी वर्षानुवर्षांचा शांत रणजी हंगाम. मेलबर्नला उपयोगी पडला तो दुसरा ठेवा.

२०/ शॉच्या धावा मात्र आटल्या नाहीत. २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा आणि मुंबईला विजेतेपद. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात याहून मोठा डाव एकच : भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३, पुणे, १९४८. पुढे २०२४ मध्ये तंदुरुस्ती आणि शिस्तीच्या कारणाने मुंबईने वगळले, आयपीएल लिलावात कोणी बोली लावली नाही, आणि २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला.

२१/ निंबाळकरांचे नाव येथे योगायोगाने आलेले नाही. ते ब्रॅडमनच्या ४५२ पासून ९ धावा दूर असताना काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. इतका मोठा डाव खेळूनही निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. ज्याचा विक्रम प्रणवने मोडला तो कॉलिन्स प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. मोठा आकडा आणि मोठी कारकीर्द यांचे नाते पूर्वीपासूनच सैल आहे.

२२/ आणि १९८८ ची ती ६६४ ची भागीदारी. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी : विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. धावफलकावर कांबळी पुढे होता. कसोटीतही त्याची सरासरी ५४.२० राहिली, पण सामने १७. सचिनचे २००. त्या दिवशी मैदानावर बसलेल्या कोणीही केवळ धावा मोजून या दोघांचे भविष्य सांगितले असते, तर ते चुकलेच असते.

२३/ मग शाळकरी डाव काय सांगतो? दोन गोष्टी निश्चित सांगतो. एक, भूक : शंभर, दोनशे, तीनशे झाल्यावरही न कंटाळणारे मन. दोन, शरीराची तयारी. या दोन्हींत प्रणव शॉपेक्षा उणा नव्हता. पण वेगवान उसळता चेंडू, अपयशाचे महिने, पैसा, प्रसिद्धी आणि एकटेपणा यांना तो मुलगा कसा सामोरा जाईल, हे शाळकरी डाव सांगत नाही. प्रणवला बहुधा पहिल्या कसोटीपर्यंत पोहोचू दिले गेले नाही, शॉला बाकीच्या कसोट्यांनी गाठले.

२४/ २०१७ मध्ये प्रणवच्या धावा आटल्या, तेव्हा त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती केली. मुलगा चांगला खेळू लागला की पुन्हा सुरू करावी, असे त्यांचे म्हणणे होते. महिना दहा हजार रुपये ही रिक्षाचालकाच्या घरात लहान रक्कम नव्हे. या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा आकडा कोणता असे मला विचाराल, तर मी या न घेतलेल्या रकमेकडे बोट दाखवीन.

२५/ जाता जाता त्या दुसऱ्या अकरा मुलांचीही आठवण ठेवू. दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावणारी, जगभरच्या बातम्यांत 'दुबळा प्रतिस्पर्धी' एवढीच ओळख उरलेली आर्य गुरुकुलची मुले. विक्रमाच्या पाटीवर त्यांची नावे नाहीत. पण सामना अर्ध्यावर सोडून न देता ती शेवटपर्यंत मैदानावर उभी राहिली, म्हणूनच १००९ हा आकडा जगाच्या नोंदीत लागला.

२६/ पुढच्या वेळी एखाद्या शाळकरी मुलाचे त्रिशतक बातमीत दिसले की त्याला 'पुढचा' कोणी म्हणू नये. प्रतिस्पर्धी कोण होता हे पाहावे, मैदान केवढे होते हे पाहावे आणि पुढची तीन वर्षे वाट पाहावी. आपल्या कल्याण-कसारा पट्ट्यातल्या मैदानांच्या, स्पर्धांच्या आणि तिथे घडलेल्या खेळाडूंच्या आठवणी कोणाकडे असतील तर खाली जरूर लिहाव्यात. धागा समाप्त.