पेटवणाराच विझवतो

दाह हा शब्द मला आधी कवितेत भेटला, शरीरात नंतर. अभंगांत संसाराचा दाह असतो, उर्दू शायरीत काळीज जळत असतं. ही सारी जळजळ मनाची. पण पायात काटा रुतला आणि आत राहिला, की दुसऱ्या दिवशी तिथली जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. मी बी.ए. झालेला, शब्दांत रमणारा माणूस. विज्ञान शाळेत सुटलं ते सुटलंच. तरी गेली काही वर्षं काट्याभोवतीच्या या आगीबद्दल हाती लागेल ते वाचत आलो आहे. ही आग शत्रूची की आपली? आपली असेल तर ती लावतं कोण आणि विझवतं कोण? एवढ्याशा प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना या दाहाच्या चार खुणा रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवल्या. आजचे वैद्यकाचे विद्यार्थीही त्या पाठ करतात. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीना याने अकराव्या शतकात आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात 'वरम' या नावाखाली सुजेचे प्रकार आणि त्यांची कारणं सांगितली. हा 'वरम' शब्द मी लहानपणी युनानी हकिमांच्या तोंडून ऐकला आहे. खुणा अशा सर्वांना माहीत होत्या. अर्थ मात्र लागत नव्हता. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यवैद्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सांगितलं, की दाह हा स्वतः रोग नाही, इजा झाल्यावर शरीराने दिलेलं ते उत्तर आहे. आग आपलीच आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्यांपैकी तो एक.

पण हे उत्तर देतं कोण? १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ राहत होते. घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेलेली. हे एकटे सूक्ष्मदर्शकाशी बसून तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या पाहत होते. अळीच्या अंगात फिरणाऱ्या पेशी तिचं रक्षण तर करत नसतील, असं त्यांच्या मनात आलं. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळीच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! सूज म्हणजे धावून आलेल्या पेशींची गर्दी, हे त्यातून पुढे आलं. १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांना नोबेल मिळालं, पॉल एरलिख यांच्याबरोबर विभागून.

या मेचनिकॉफ यांचा एक विद्यार्थी आपल्याला परका नाही. ओडेसाचे वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ते इथे आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. परळची हाफकिन संस्था त्यांचंच नाव सांगते. लस टोचल्यावर दंड दुखतो, अंग कसकसतं, ती हीच आग. फक्त जाणूनबुजून आणि बेतानं लावलेली.

आता खरा पेच. पेशीला डोळे नाहीत. समोर जंतू आला हे तिला कळतं कसं? १८९२ मध्ये जर्मनीत रिचर्ड फायफर यांना आढळलं होतं, की काही जंतू मेल्यावरही त्यांच्या शरीरातला एक पदार्थ विषासारखा काम करतो. जनावराला तो टोचला की ताप येतो, जास्त झाला तर जनावर मरतं. पुढे १९६०च्या दशकात उंदरांचा एक वाण असा सापडला, की त्याला हे विष बाधतच नव्हतं. वाटावं, काय भाग्यवान उंदीर! पण त्याच जातीचे जिवंत जंतू त्यांच्या अंगात सोडले, तर इतर उंदरांच्या मानाने ते फार लवकर मरत. विषाने आग लागत नव्हती, म्हणून जंतूंना मोकळं रान मिळत होतं. दाहाची बाजू घेणारा याहून बोलका साक्षीदार मला ठाऊक नाही.

या उंदरांत काय कमी होतं, त्याचा सुगावा एका माशीने दिला. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीत 'टोल' नावाचा जनुक आहे. अंड्यातल्या माशीची पाठ कुठे आणि पोट कुठे, हे ठरवणारा म्हणून तो जर्मनीत ओळखला गेला होता. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टोल बिघडलेल्या माशा बुरशीचा संसर्ग होताच मरतात. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू दाट उगवलेले, असं एक छायाचित्र तेव्हा प्रसिद्ध झालं. ते विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स जेनवे आणि ताश्कंदमध्ये जन्मलेले रुस्लान मेझितोव्ह यांनी माणसातही टोलचा भाऊबंद शोधला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना कळलं, की त्या उंदरांत नेमका असाच एक जनुक बिघडलेला आहे. बॉयटलर आणि हॉफमन यांना २०११चं नोबेल मिळालं. जेनवे २००३ मध्येच गेले होते.

पहारा देणारा सापडला. पण पहारेकऱ्याने दारात आरोळी ठोकली, ती वाड्याच्या आतल्या खोलीत कशी पोचते? पेशीच्या आवरणावर टोलसारखं प्रथिन असतं. जंतूची ओळख पटली की आतली प्रथिनं निरोप हातोहात पुढे देतात. एकाने दुसऱ्याला फॉस्फेटचा एक लहानसा तुकडा चिकटवायचा, ही या निरोपाची एक लिपी. या साखळीच्या शेवटी जे प्रथिन उभं असतं, ते १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. नाव जरा अवघड आहे: एनएफ-कप्पा-बी. एरवी हे प्रथिन केंद्रकाबाहेर कैदेत असतं. आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन जेलरसारखं त्याला धरून बसलेलं असतं. निरोप आला की जेलरवर फॉस्फेटची खूण होते आणि पेशी त्याला मोडीत काढते. कैदी सुटतो, थेट केंद्रकात शिरतो आणि दाहाचे जनुक चालू करतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे रेणू बाहेर पडतात. ते शेजारच्या पेशींना दिलेले पुकारे. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. सेल्ससच्या चारही खुणा इथून सुरू होतात.

यापुढचा भाग मला कुठल्याही कवितेइतका सुंदर वाटतो. सुटलेला हा कैदी जे जनुक चालू करतो, त्यांत एक जनुक त्याच्या जेलरचाही असतो! हे १९९३ मध्ये उघड झालं. आग लावण्याचा हुकूम आणि ती विझवण्याचा हुकूम एकाच हाताने निघतो. नवा जेलर तयार होतो, केंद्रकात जाऊन कैद्याला धरून बाहेर आणतो. बाहेर जंतू अजून असेल तर हा जेलरही मोडीत निघतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये या प्रथिनाला चमकणारा रंग जोडून पाहिलं. जिवंत पेशीत ते साधारण शंभर मिनिटांच्या लयीने आत-बाहेर करत होतं. ज्या उंदरांत हा जेलर मुळातच नव्हता, ते जन्मल्यावर काही दिवसांतच मेले. आग न लागणारे उंदीर जगले नाहीत आणि विझवता न येणारेही जगले नाहीत.

औषधांचा इतिहासही याच दोन टोकांमध्ये फिरतो. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत रुग्ण चालू लागला. दोन वर्षांत नोबेल आलं. दुष्परिणामही लवकरच दिसले. स्टेरॉइडं काही पेशींत तो जेलरच जास्त तयार करवतात, हे १९९५ मध्ये समजलं. त्याच दशकात टीएनएफला अडवणारी औषधं संधिवातावर आली आणि अनेकांचे सांधे वाचले. पण ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. फुप्फुसात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही हीच आग लागते.

हा सगळा धडा कोविडने आपल्या घराघरात आणला. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. निकालाचा पहिला अर्धा भाग साऱ्या जगाने ऐकला. दुसरा पुष्कळांच्या कानावरून गेला.

माझ्या मामेभावाला जुना मधुमेह. एप्रिल २०२१ मध्ये ताप आला त्या दिवसापासून कुणाच्या तरी मोबाइलवरून आलेल्या यादीतल्या गोळ्या त्याने सुरू केल्या. त्यात स्टेरॉइड होतं. साखर कुणी मोजली नाही. कोविड गेला आणि तीन आठवड्यांनी म्युकर आला. जीव वाचला, डावा डोळा गेला. त्या मे महिन्यात म्युकरच्या रुग्णांची नोंद करणं राज्यांनी सक्तीचं करावं, असं केंद्र सरकारने सांगितलं होतं. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. वाढलेली साखर आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणं. माणूस काही माशी नव्हे, आणि म्युकरची कारणं अनेक आहेत. तरी पहारा ढिला पडला की बुरशी आत शिरते, हे स्ट्रासबुर्गच्या त्या माशीने पंचवीस वर्षं आधी दाखवलं होतं.

भाऊ मला विचारतो, "ते औषध वाईट होतं का रे?" मी सांगतो, औषध वाईट नव्हतं; त्याच औषधाने त्याच महिन्यात कितीतरी माणसं जगली. पण आग कधी तापू द्यायची आणि कधी तिच्यावर पाणी ओतायचं, हे पेशी दर शंभर मिनिटांनी ताडून पाहते. आपण ते एका फॉरवर्ड केलेल्या यादीवर सोपवलं. सूज आली, ताप चढला, की आपला हात आधी गोळीकडे जातो. तो जाऊ नये असं नाही. फक्त गोळी तोंडात टाकण्याआधी, ही आग या घडीला कुणाचं काम करते आहे, एवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं.